एरिक्सन सर, बाबांना खरं सांगता आलं ते तुमच्यामुळं

आदरणीय स्वेन-योरान एरिक्सन सर,

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. २६ ऑगस्ट २०२४ ला तुम्ही गेलात, दिवाळीनंतर माझे बाबा. तरी लिहितोय, कारण आभार आत नुसते साठून राहिलेत.

आमचं घर कोल्हापुरातल्या पेठेतलं. फुटबॉल म्हणजे इथं जीव की प्राण. २००१ साली म्युनिकमध्ये तुमच्या इंग्लंडनं जर्मनीला ५-१ नं लोळवलं, तेव्हापासून बाबा तुमचे. इंग्लंडचे पहिले परदेशी प्रशिक्षक म्हणून तिकडच्या वर्तमानपत्रांनी तुम्हाला केवढं झोडपलं! २००२ आणि २००६ चे वर्ल्ड कप, मधला २००४ चा युरो, तिन्ही वेळा उपांत्यपूर्व फेरीत हार. बाबा दरवेळी तुमच्या बाजूनं भांडायचे. "नोकऱ्या सांभाळून खेळणारी पोरं घेऊन स्वीडनच्या गोटेबोर्ग क्लबला १९८२ चा युएफा कप जिंकून दिलाय त्यानं. लाझिओ क्लबला इटलीत चॅम्पियन केलंय. त्याला शिकवताय होय?"

बाबांना कॅन्सर निघाला आणि घरात ठरलं, त्यांना कळू द्यायचं नाही. डॉक्टर मला व्हरांड्यात बोलवून खरं सांगायचे आणि आत जाऊन बाबांना 'अल्सर आहे' म्हणायचे. काका, आत्या, मी, सगळे हसऱ्या तोंडानं खोटं बोलायचो. त्यांच्यासमोर बसायची एकाचीही छाती झाली नाही, आणि वर ह्यालाच आम्ही माया म्हणत होतो.

तुम्ही मात्र जानेवारीतच जगाला सांगून टाकलं होतंत, कॅन्सर आहे, फार तर एक वर्ष. मग २३ मार्चला अॅनफिल्डच्या मैदानावर लिव्हरपूलच्या माजी खेळाडूंचे एका दिवसाचे प्रशिक्षक झालात. तुमच्या वडिलांचा आणि तुमचा लहानपणापासूनचा लाडका संघ. स्टेडियम गात होतं, तुमचे डोळे भरून आले होते आणि ते तुम्ही लपवले नाहीत. आयाक्सच्या माजी खेळाडूंना ४-२ नं हरवलंत, पण बाबांनी स्कोअर विचारलासुद्धा नाही. तेवढे भरलेले डोळे दोनदा बघितले, मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्याला खरं सांगितलंय. मला कोण सांगणार?"

मी सांगितलं. पलंगाच्या कडेला बसून, त्यांचे पाय मांडीवर घेऊन. ते रडले नाहीत. म्हणाले, "शाहू स्टेडियमला ने मला."

गेलो. उन्हात पायरीवर बसून त्यांनी अख्खी मॅच बघितली, मूठभर शेंगदाणे तसेच हातात राहिले. तुम्ही लिस्बनला, जेनोआला जुन्या मैदानांचा निरोप घेत फिरत होतात, तेव्हा आम्हीही फिरलो. गावाकडं गेलो. वीस वर्षं अबोला असलेल्या मित्राच्या दारात बाबा स्वतः जाऊन उभे राहिले. खोटं चालू राहिलं असतं, तर यातलं काहीच झालं नसतं. दुखणं अंगावर असताना माणसानं इतकं सरळ वागावं, हे मी तुमच्याखेरीज कुणात पाहिलं नव्हतं. मग बाबांत पाहिलं.

ऑगस्टमध्ये तुमची बातमी त्यांनीच मला वाचून दाखवली. चष्मा काढून बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, "त्याचे वडील आहेत न्हवं अजून?"

"आहेत," म्हटलं.

"त्यांच्याजवळ कुणीतरी बसलेलं असू दे," म्हणाले.