चवथीच्या पाहुण्यांना वाय-फाय वेगळे द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

चवथ तोंडावर आली आहे. मुंबई-बेळगावहून आलेली मंडळी उंबरठा ओलांडता ओलांडता वाय-फायचा पासवर्ड विचारतात. तो द्यायला हवाच. पण विसर्जनानंतर वर्षभर तोच पासवर्ड वीसेक मोबाइलांत राहतो आणि तिथून वाड्यावरच्या पोरांपर्यंत पोचतो. कळंगुट, हणजूणकडे खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांत तर तो भिंतीवरच चिकटवलेला असतो.

त्यात बहुतेक घरांचा पासवर्ड म्हणजे घरच्या कुणाचा तरी मोबाइल नंबर. चोराला तो ओळखायला तुमच्या आंगणात बसून राहावे लागत नाही. एखादा मोबाइल राउटरला जोडला जाताना दोघांत जी सांकेतिक देवाणघेवाण होते ती त्याने हवेतून टिपली की पुरे, उरलेले काम तो घरी जाऊन करतो. आपले नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला १० लाख शक्यता सहज तपासतो. सव्वा तासाच्या आत सगळे नंबर संपतात. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, तेव्हा तो लांब ठेवा. खिडकी, बेडूक, तिकीट, सोलां असे एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन लिपीत जोडून लिहा. हेच शब्द मात्र घेऊ नका.

पण डब्ल्यूपीएस चालू असेल तर लांब पासवर्डही वाया जातो. बटण दाबून किंवा पिन टाकून उपकरण जोडण्याची ही सोय. पिन आठ आकडी, म्हणून १० कोटी शक्यता असाव्यात असे वाटते. प्रत्यक्षात राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि ते चुकले तर तिथेच कळवतो. शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून हिशेबाने निघतो. राहिले १०,००० अधिक १,०००, म्हणजे फक्त ११,००० प्रयत्न. हा दोष २०११ सालीच उघड झाला आहे. पिन सापडला की राउटर स्वतःहून पासवर्ड सांगून टाकतो. नवे राउटर काही चुकांनंतर पिन बंद करतात, तरी त्या भरवशावर राहू नका.

माटोळीच्या सामानाला बाहेर पडण्याआधी अर्धा तास काढा. राउटरच्या तळाशी चिकटवलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, ब्राउझरमध्ये टाका. आधी राउटरचा स्वतःचा अॅडमिन पासवर्ड बदला. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि अनेक घरांत कारखान्यातून आला तसाच पडून असतो. मग डब्ल्यूपीएस आणि रिमोट मॅनेजमेंट (घराबाहेरून इंटरनेटवरून राउटरची मांडणी बदलण्याची सोय) बंद करा. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए२ एईएस ही सांकेतिक पद्धत निवडा. डब्ल्यूपीए३ अधिक चांगले, पण जुने प्रिंटर त्याला जोडले जात नाहीत. तेव्हा दोन्हींचा मिश्र पर्याय घ्या. वाय-फायचे नाव लपवणे आणि मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांच्या क्रमांकांनाच प्रवेश देणे) यांवर वेळ घालवू नका, ते नाव आणि ते क्रमांक हवेत उघडेच फिरतात.

शेवटी गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचे पाहुण्यांचे वेगळे वाय-फाय, सुरू करून त्याला घरच्या जाळ्यात शिरण्याची मुभा नाकारा. पाहुणे, भाडेकरू आणि सीसीटीव्ही कॅमेरे तिथे ठेवा. टीव्ही तिथे टाकलात तर घरच्या मोबाइलवरून त्यावर चित्रफीत पाठवता येणार नाही, एवढीच अडचण. विसर्जनानंतर फक्त गेस्टचा पासवर्ड बदलायचा. गेस्टवर ठेवलेले कॅमेरे वगैरे तेवढे पुन्हा जोडायचे, घरच्या जाळ्यातली उपकरणे पुन्हा जोडत बसावे लागत नाही.

हे नुसत्या डेटाचे प्रकरण नाही. २००८ साली अहमदाबादच्या स्फोटांआधी आलेला ईमेल नवी मुंबईतल्या एका रहिवाशाच्या असुरक्षित वाय-फायवरून गेला होता आणि पोलीस आधी त्याच्याच दारात पोचले होते.

गोव्यात आणखी एक गोष्ट घडते. पावसाळ्यात विजेने राउटर जळतो, नवा बसतो, आणि कारखान्यातली मांडणी पुन्हा परत येते, बऱ्याचदा डब्ल्यूपीएस चालू असलेलीच. रीसेटचे बटण दाबले तरी तेच. म्हणून केलेले बदल वहीत लिहून ठेवा. इंटरनेट जोडून देणाऱ्या सर्व कंपन्यांना आमची विनंती आहे: तुमच्या माणसांनी ग्राहकाचा नंबर पासवर्ड म्हणून टाकू नये, आणि डब्ल्यूपीएस बंद करूनच जोडणीच्या कागदावर सही घ्यावी.

घरगुती नेटवर्कचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
म्हापसा