लॅबमधल्या ताईंस: तरंगत्या बाटलीबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघडच लिहितोय. तुम्ही जे सांगितलंत ते जिल्ह्यातल्या इतर शाळांनाही उपयोगी पडेल.

‘अंगातलं पाणी कमी झालंय का?’ या विषयावर प्रदर्शनात बहुतेक वेळा एकच मांडणी दिसते: बोटांतून वीज किती वाहते ते पाहायला दोन पट्ट्या, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारं छोटं सर्किट बोर्ड) आणि लाल-हिरवा दिवा. आमच्या मुलांचा आराखडाही तसाच होता. त्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, “एप्रिलात रत्नागिरीत कोरडं बोट आणणार कुठून?” घामाने ओलं बोट वीज चांगली वाहतं, म्हणजे आंब्याच्या बागेत दिवसभर घाम गाळलेल्या गड्यालाही हिरवा दिवा लागायचा!

त्याऐवजी लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतला दाटपणा, मोजा, हे तुम्ही सुचवलंत. पाण्याची १.०००, लघवीची साधारण १.००५ ते १.०३०, आणि १.०२० च्या वर गेली की पाणी कमी पडत असल्याची शंका घ्यायची. खरे नमुने मात्र शाळेत आणायचे नाहीत, हे तुम्ही निक्षून सांगितलंत. त्यांच्याऐवजी ९ ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम युरिया विरघळवून एक लिटर द्रावण केलं की १.०११ च्या आसपास मिळतं. दोन्ही दुप्पट केले की १.०२० ओलांडतं. युरिया प्रयोगशाळेतला हवा. खताच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्याचा तवंग नळीला चिकटतो.

मोजायचं ते तरंगत्या नळीने: द्रावण जितकं दाट, तितकी ती वर तरंगते. पण नुसती स्ट्रॉ तरंगवून भागत नाही, यामागचं गणित मुलांना फार आवडलं. ५ मिलिमीटर व्यासाची स्ट्रॉ जेमतेम ३ मिलिलिटर पाणी सारते, ०.००५ च्या फरकाला ती एक मिलिमीटरही हलत नाही. तिच्याखाली औषधाची छोटी बाटली जोडून एकूण २० मिलिलिटर पाणी सारलं गेलं, की तोच फरक ५ मिलिमीटरचा होतो. बाटलीच्या तळाशी छर्रे, सांध्याला एम-सील, पारदर्शक स्ट्रॉच्या आत आलेखाच्या कागदाची पट्टी आणि वरचं तोंड बंद. अर्ध्या तासात रीडिंग १.००० कडे घसरायला लागलं तर सांधा गळतोय. बाटलीला बुडबुडे चिकटले तर उलट होतं, ती वर उचलली जाऊन द्रावण दाट भासतं. म्हणून सोडताना हलकी गिरकी द्यायची, भांड्याच्या कडेला टेकू द्यायची नाही, आणि पाण्याच्या वक्र पृष्ठभागाच्या खालच्या कडेवर वाचायचं.

खुणा करायला डिस्टिल्ड वॉटर वापरा, खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते चालतं. १.०००ची खूण नुसत्या पाण्यात. मग १४, २८ आणि ४३ ग्रॅम मिठाची लिटरभर द्रावणं: १.०१०, १.०२० आणि १.०३०. आपल्याकडचं मीठ दमट असतं, २८ ग्रॅममध्ये थोडं पाणीच तोललं जातं. तव्यावर कोरडं करून, गार झाल्यावर तोलायचं, हा तुमचा सल्ला सोन्यासारखा. पडताळ्याला समुद्राचं पाणी आहेच, १.०२५ च्या आसपास. फक्त ते खाडीच्या मुखाशी भरू नये आणि पावसाळ्यात तर नकोच.

तुम्ही दिलेल्या युरिनोमीटरवर (लघवीचा दाटपणा मोजायची तयार तरंगती नळी) ते ज्या तापमानाला बरोबर दाखवतं ते २० अंश लिहिलंय आणि वर्गात असतात ३२. दर ३ अंशांना ०.००१ मिळवायचे, म्हणजे इथे ०.००४. सीमारेषा १.०२० असताना हा फरक निकालच फिरवतो.

आर्डुइनोचा हट्ट मुलांनी सोडला नाही, आणि तुम्हीही तो मोडला नाहीत, याचे विशेष आभार. द्रावणात बुडवलेले दोन स्टीलचे स्क्रू १ सेंटिमीटर अंतरावर. त्यांना जोडलेल्या आर्डुइनोच्या दोन पिना आळीपाळीने चालू-बंद करून प्रवाहाची दिशा सतत उलटवायची, नाहीतर स्क्रूंवर बुडबुडे धरतात आणि आकडा सरकत राहतो. मिठाच्या द्रावणात लिटरला २० ग्रॅम युरिया घातला की बाटली ५ मिलिमीटर वर येते, पण आर्डुइनोचा आकडा जवळजवळ जागचा हलत नाही, कारण युरियाचे आयन होत नाहीत. विद्युतवाहकता मोजून ‘निर्जलीकरण’ जाहीर करणाऱ्या यंत्राचं बिंग इथे फुटतं. आमच्या मते प्रकल्पातला सगळ्यात चांगला भाग हाच.

मधुमेहात लघवीतल्या साखरेनेही दाटपणाचा आकडा वाढतो. म्हणून फलकावर तुम्ही सुचवलेलं वाक्य मोठ्या अक्षरांत घातलंय: ‘हे उपकरण द्रावणाचा दाटपणा मोजते, आजार ओळखत नाही.’

युरिनोमीटर सोमवारी कापसात गुंडाळून पाठवतो.

आपले,
विज्ञान मंडळाचे शिक्षक