खुले पत्र: भर मे महिन्यात, दोन तासांत माळ ‘तपासणाऱ्या’ सरकारला

मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आमच्या गावच्या गवताळ माळावर होऊ घातलेल्या उद्यानाबद्दल आहे. वर आपल्या खात्याचं नाव लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. उद्यान नगरविकासचं, जमीन महसूलची, लांडगा वन विभागाचा आणि जैवविविधता पर्यावरणवाल्यांची, असं मला निरनिराळ्या टेबलांवर सांगण्यात आलं आहे. आपण दिलेला शब्द आपल्याला आठवत असेल तर पत्र कुणाला आहे हे लगेच कळेल. आठवत नसेल तर ज्यांच्या टेबलावर पडेल त्यांनी ते आपलंच समजावं.

हिवाळ्यात आमच्या गावच्या कार्यक्रमात आपण व्यासपीठावरून म्हणालात की माळावर उद्यान होईल, पण आधी तिथल्या वन्यजीवांची रीतसर पाहणी होईल आणि तोवर कुदळ पडणार नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. गेल्या सोमवारी कुदळ पडली नाही हे खरं आहे. जेसीबी आला. दुपारपर्यंत माळाचा दक्षिणेकडचा चढ खरवडून लाल करून टाकला होता आणि बाजूला मांडव घालून नारळ वाढवण्याचा कार्यक्रम चालला होता. पेढेही वाटले. एक माझ्याही हातावर ठेवला, मी तो तिथल्याच टेबलावर ठेवून आले.

पाहणी झालीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. अहवाल माहितीच्या अधिकारात मिळवला आहे. चार पानांचा आहे. एक पान मुखपृष्ठ, एक पान छायाचित्रांचं. छायाचित्रांत माळ कमी आणि गाडीजवळ उभे असलेले अधिकारी जास्त. पाहणीची वेळ मे महिन्यातली, सकाळी 11 ते दुपारी 1. निष्कर्ष असा: ‘सदर क्षेत्र पडीक असून तेथे उल्लेखनीय वन्यजीव आढळून आले नाहीत.’ आणि ठेकेदाराला दिलेल्या कार्यारंभ आदेशाची तारीख या पाहणीच्या आधीची आहे. म्हणजे लग्न लागून वरात निघाल्यावर पत्रिका जुळवायला बसले. अशी पत्रिका न जुळून कशी चालेल?

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. सातवीतल्या मुलालाही विचारलं असतं, की बाळा, प्राणी मोजायला कधी जावं, तर मेच्या भर दुपारी असं उत्तर त्याने दिलं नसतं. लांडगा त्या वेळी घळीत, बोरीच्या जाळीखाली सावली धरून पडलेला असतो. तो फिरतो संध्याकाळनंतर आणि पहाटे. लांडगीण हिवाळ्यात विते. मे उजाडेपर्यंत पिल्लं बीळ सोडून कळपामागे हिंडायला लागलेली असतात. तेव्हा रिकामं बीळ पाहून ‘लांडगा नाही’ म्हणणं म्हणजे सुट्टीत शाळेत जाऊन विद्यार्थी नाहीत असा शेरा मारणं. भोवत्या हे शिकारी पक्षी थंडीत मध्य आशियातून येतात आणि रात्री गवतातच, जमिनीवर, एकत्र झोपतात. उन्हाळ्यात ते इथे नसतातच. माळावरच्या कित्येक कंदवर्गीय वनस्पती पावसाचे मोजके आठवडे वर येतात, फुलतात आणि परत जमिनीत जातात. पांढरं गिधाड, जे जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ आहे, ते मेलेलं ढोर टाकायच्या जागेवर दिसतं. त्या जागेपर्यंत आपली गाडी गेलीच नाही, वास येत असावा.

बरं, मे महिन्यात काहीच दिसत नाही असंही नाही. पाहायला खाली बसावं लागतं एवढंच. गळ्याचा पंखा फुगवून दगडावर मिरवणारे सरडे याच दिवसांत रंगात येतात. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या पायथ्याशी, या सरड्यांची एक प्रजाती विज्ञानाला 2016 मध्ये नव्याने कळली. 2016 मध्ये! जिथे एवढे अभियंते येऊन गेले तिथे. टिटवी आणि धाविक हे पक्षी तर उघड्या मातीत खड्यांसारखी दिसणारी अंडी घालतात, आणि त्यांचा हंगाम हाच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्याची अंडी फोडणं आणि घरटं विस्कटणंही येतं. आता सोमवारी जेसीबीने काय केलं ते आपणच ठरवा. चालकाला दोष देत नाही. त्याला रोज मिळतो, आणि त्याच्या हातात कागद होता.

लांडगा याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. देशात लांडग्यांचा अंदाज सुमारे 3,100 चा. वाघ याहून कमी नाहीत, थोडे जास्तच असतील. पण वाघाला प्रकल्प, वाघाला सफारी, वाघाला मंत्र्यांचे फोटो. लांडग्याला आमच्याकडे ओपन जिम. आराखड्यात पाहिलं तर मुलांसाठी फायबरचे प्राणीही आहेत: हत्ती, जिराफ आणि एक हरीण. खरा प्राणी हाकलून त्याच्या जागी आफ्रिकेतला जिराफ उभा करण्याची कल्पना ज्यांची, त्यांचा सत्कार व्हायला हवा.

उद्यानाने लांडग्याचं काय बिघडतं, असं मला विचारतात. बिघडतं ते असं. हायमास्टचा उंच दिवा लागला की रात्र जाते, आणि माळावरचं अर्धं आयुष्य रात्रीचं असतं. लॉनला पाणी लागतं, पाण्याला बोअर लागतो, लॉनवर फवारणी होते, किडे जातात, किड्यांवर जगणारे चंडोल जातात. भेळेचे कागद आणि उरलंसुरलं खायला भटकी कुत्री येतात, आणि खरी गोम इथे आहे. कुत्र्यांबरोबर डिस्टेंपरसारखे रोग येतात. कुत्रे आणि लांडगे यांचा संकर पुणे जिल्ह्यात जनुकीय तपासणीत सिद्ध झालेला आहे. गोळी न घालता, विष न घालता एक रानटी वंश असाही संपतो. हे चार पानांच्या अहवालात एका ओळीनेही नाही, कारण पाहणी करणाऱ्याला विचारलेला प्रश्नच ‘आत्ता काही दिसतंय का’ एवढा होता. या जागेवर कोण कधी येतं, कुठे वितं, कुठल्या वाटेने ये-जा करतं आणि इथून उठवलं तर जाणार कुठे, हे कुणी विचारलंच नाही.

ज्यांना माहीत आहे त्यांनाही विचारलं नाही. मेंढरं घेऊन दरवर्षी या माळावर वाडा टाकणारे धनगर आहेत. कुठल्या घळीत वेत झालं, यंदा कळपात किती आहेत, हे ते बोटावर सांगतात. त्यांची कोकरं लांडगा उचलतो, त्यांचं नुकसान होतं, तरी उद्यान होणार म्हटल्यावर त्यांचा जीव चरायच्या गवतासाठी तुटतो, आणि त्यांचं नाव ना हरकतींत आहे ना लाभार्थ्यांत. अशा माणसांकडून माहिती घेऊन लिहावी म्हणून तर 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवली. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, पुढे राज्याला महिना 10 लाखांचा दंड. त्या धाकाने आमच्या गावाचीही नोंदवही तयार झाली. मी पाहिली. आंबा आहे, कडुनिंब आहे, ‘साप’ असा एक शब्द आहे. कुठला साप ते नाही. माळ नाहीच. समितीची बैठक कधी झाली हे विचारलं तर लेखी उत्तर मिळालं: ‘माहिती निरंक.’

आता माझ्याबद्दल थोडं, कारण तुमच्या माणसांनी माझ्याबद्दल बरंच बोलून झालं आहे. मला गुडघ्याचा त्रास आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. त्या कार्यालयात लिफ्ट बंद आणि आवक-जावक दुसऱ्या मजल्यावर. अर्ज घेतात तर पोहोच देत नाहीत, पोहोच मागितली की ‘बाई, विश्वास नाही का’ म्हणतात. साहेब मीटिंगमध्ये, साहेब साइटवर, साहेब रजेवर, आणि शेवटी साहेबांची बदली. नव्या साहेबांना फाइल सापडत नाही. एकदा उन्हात परत येताना चक्कर येऊन रस्त्यातच बसले, एका रिक्षावाल्याने घरी सोडलं, पैसे घेतले नाहीत. गल्लीच्या ग्रुपवर माझं नाव ‘लांडग्यांची मावशी’ पडलं आहे. ज्या मुलांना मी बेरीज-वजाबाकी शिकवली त्यांच्या बायका म्हणतात, बाईंना पोरांचं सुख बघवत नाही. मुलगा म्हणतो, आई, आता पुरे. मला झोप लागत नाही, हे मी तुम्हाला सांगतेय आणि यात माळाचा काय संबंध असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे. हे काम पगार घेऊन करणारी माणसं तुमच्याकडे आहेत आणि ते पेन्शनवर मी करतेय.

मुलांना बाग नको असं मी कधीच म्हटलेलं नाही. माझा नातू रस्त्यावर खेळतो, ट्रक जातात, जीव वर-खाली होतो. गावात विकास आराखड्यात उद्यानासाठी राखलेला दुसरा भूखंड आहे. त्यावर काय उभं आहे ते गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे आणि तुम्हालाही असणार. तो मोकळा करायची हिंमत नाही म्हणून माळ आठवला. माळाला मालक नाही, वकील नाही, मत नाही.

कायद्यातही बघा काय गंमत आहे. शहरात एक झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. बारा एकर गवत मुळासकट खरवडायला कुणाचीच लागत नाही. पर्यावरण आघात मूल्यांकनाची 2006 ची अधिसूचना बांधकामाचं क्षेत्र मोजते, 20,000 चौरस मीटरपासून पुढे. उद्यानात बांधकाम किती? एक स्वच्छतागृह आणि वॉचमनची खोली. म्हणून मूल्यांकन नको. आणि जिथे मूल्यांकन होतं तिथे तरी काय? रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीची माहिती उतरवलेली सापडली होती. तेव्हा आमच्या चार पानांत निदान माळ तरी आमचाच आहे, याचं समाधान मानते.

मुळात तुमच्या सगळ्या खात्यांना गवत दिसत नाही. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातच गवताळ रानं घातलेली, मग पडीक जमिनीचं काहीही करायला तुम्ही मोकळे. कुणी सौर पॅनेल लावा, कुणी एमआयडीसी काढा, आणि काही नाही सुचलं तर झाडं लावा. 2016 पासून चार वर्षांत या राज्याने 50 कोटी झाडांचा संकल्प केला. त्यातली निम्मी जगली म्हणा, चौथाई म्हणा, ज्याला हवा तो आकडा त्याने घ्यावा; माळावर खड्डे मात्र सगळे पडले, आणि त्यांत गिरिपुष्प हे परदेशी झाड. जिथे झाड नाही म्हणूनच माळढोक पक्षी राहतो, तिथे हिरवळ आणणं हे पुण्य समजलं जातं. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 मध्ये 8,496 चौरस किलोमीटरचं होतं, पुढे 1,222 वर आणलं. त्यात बरीचशी लोकांची शेतं होती, त्यांना घर बांधायलाही अडचण व्हायची, हे मला मान्य आहे. पण मोठं केलंत तेव्हा शेतकऱ्याला विचारलं नाही आणि लहान केलंत तेव्हा पक्ष्याला जागा ठेवली नाही. दोन्ही वेळा सही मंत्रालयातच झाली.

आणि करायचं ठरवलं तर येतं तुम्हाला. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाचं ठिकाण एका बोटाएवढ्या माशासाठी 2021 मध्ये याच राज्याने जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. इंदापूर-बारामतीकडे वन विभाग स्वतः गवताळ सफारी चालवतो, लोक पैसे भरून लांडगा बघायला येतात. तिथे लांडगा पर्यटन आणि आमच्याकडे तो ‘उल्लेखनीय’सुद्धा नाही.

मागणं फार नाही. काम आजच्या आज लेखी थांबवा, तोंडी नको, तोंडी आम्ही ऐकलं आहे. येता पावसाळा आणि हिवाळा धरून माळाची पाहणी करा, रात्रीची करा, कॅमेरे लावा, धनगरांना बसवून त्यांचं लिहून घ्या. पाहणी करणाऱ्याची निवड ठेकेदाराने किंवा नगरपरिषदेने करू नये, आणि अहवाल निविदेच्या आधी लोकांसमोर ठेवावा. खर्चाचं कारण सांगू नका. उद्यानाच्या फलकावर कोट्यवधींचा आकडा आहे आणि अंदाजपत्रकात पाहणीसाठी एक ओळही नाही, प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी आहे. गावातला राखीव भूखंड मोकळा करून बाग तिथे करा. मी स्वतः मुलांना घेऊन येईन.

माळाच्या उत्तरेकडच्या घळी अजून शाबूत आहेत. ठेकेदाराचा माणूस म्हणाला की पाऊस लागायच्या आत तेही सपाट करायचं आहे. म्हणजे तुमच्याकडे दिवस थोडे आहेत. या पत्रावर ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असा शिक्का मारून ते खाली पाठवू नका. ते फिरून त्याच दुसऱ्या मजल्यावर येईल, आणि पोहोच आणायला परत मलाच चढावं लागेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका