नाट्यगृहाच्या खुर्च्या बसवायच्या आधी एकदा माइक बंद करून बघा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी मंगळवार पेठेत राहते, बँकेतून रिटायर झाले आणि गेली सहा वर्षं आमच्या समूहगानाच्या ग्रुपमध्ये ऑल्टोत गाते, म्हणजे बायकांच्यातला खालचा आवाज. यंदा आमचा ग्रुप ऑस्ट्रियाला कार्यक्रम करून आला. चोवीस जण, बारा दिवस, खर्च ज्याचा त्यानं. सगळी टूर सांगत बसत नाही, शेवटच्या चार दिवसांपुरतंच लिहिते, कारण त्याचा संबंध आपल्या जळालेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाशी आहे.

शेवटाकडं आलो तोवर निम्म्या ग्रुपचा घसा बसलेला. थंडी, रोजचा बसचा प्रवास, वर रात्री जागून गप्पा (त्या आम्हीच मारल्या, दोष कुणाला देणार). हॉटेलच्या किटलीत पाणी तापवून मिठाच्या गुळण्या, गालात ज्येष्ठमध, आणि घरनं नेलेलं भडंग आमच्या गाण्याच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात जप्त केलं होतं. कोल्हापूरच्या माणसाचं तिखट बंद केलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

साल्झबर्गला एका छोट्या चर्चमध्ये गायचं होतं, रिहर्सलला वीस मिनिटं. आत गेल्या गेल्या आमच्यातला एक पोरगा म्हणाला, "माइक कुठायत?" तिथली बाई नुसती हसली. माइक नव्हतेच! पहिली ओळ म्हणली तर आवाज वर जाऊन परत आमच्याच अंगावर आला, आधीची ओळ विरायच्या आत पुढची, सगळा गोपाळकाला. मग सरांनी लय कमी करायला लावली, शब्दाचं शेवटचं अक्षर सगळ्यांनी एकदमच तोडायचं म्हणाले, आणि घाबरू नका, संध्याकाळी माणसं बसली की एवढं घुमणार नाही, माणसांची अंगं नि कपडे आवाज पितात. तसंच झालं. चार आवाजांत बसवलेला अभंग संपला, आम्ही सगळे गप्प, तरी सूर वर छताखाली अजून होताच. इथं माइकवर गाताना मला माझाच आवाज शेजारणीचा वाटतो, तिथं पहिल्यांदा शेजारणीचा श्वास ऐकून गायले.

खोटं कशाला बोलू, सूर उतरला पण. साथीला पेटी नव्हती, दुसरं गाणं संपेस्तोवर आम्ही जवळजवळ अर्ध्या सुरानं खाली. दमलेला घसा खालीच ओढतो. सरांनी मोबाइलवर सूर तपासला आणि कपाळाला हात लावला. टाळ्या मात्र पडल्या.

दुसऱ्या दिवशी तिथलं मोठं कॅथेड्रल बघितलं, १७५६ मध्ये मोझार्टचा बाप्तिस्मा झाला ते. दारांवर तीन सालं आहेत, ७७४, १६२८ आणि १९५९. एवढ्या जुन्या देवळावर १९५९ कशाला म्हणून विचारलं, तर १९४४ मध्ये बॉम्ब पडून घुमट कोसळलेला, तो परत बांधून १९५९ ला चर्च पुन्हा सुरू केलं. मग व्हिएन्नाला ऑपेरा हाऊस. मार्च १९४५ मध्ये तेही बॉम्बनं जळालेलं, पुढचा भाग आणि मोठा जिना तेवढा वाचला, आणि नोव्हेंबर १९५५ ला परत पडदा वर गेला. गाईड हे सांगत होती आणि आमच्यातलं कुणीच बोलेना, कारण सगळ्यांच्या डोळ्यांपुढं ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसलेंची जयंती आणि आदल्या रात्री त्यांच्या नावाचं नाट्यगृह पेटलेलं. खासबागेच्या बाजूला आम्ही गर्दीत उभं राहून नुसतं बघत होतो.

म्हणून हे पत्र. नाट्यगृह परत बांधायचा विषय निघाला की चर्चा एसीची, खुर्च्यांची, लाइटची, साउंड सिस्टिमची. ते सगळं पाहिजेच, आग विझवायची सोय तर आधी पाहिजे. पण शाहू महाराजांनी हे थिएटर १९१५ ला सुरू केलं तेव्हा माइकचा पत्ता नव्हता, केशवरावांसारखे नट पदं म्हणायचे ती मोकळ्या गळ्यानं, आणि ती मागच्या माणसापर्यंत पोचायची. आता नवीन भिंतींना कुठलं पॅनेल, छताला काय, जमिनीवर गालिचा का लाकूड, हे ठरवताना आवाजाचा कुणी विचार करतंय का? एकदा जाड गालिचा नि फोम ठोकला की आवाज मरतो, मग त्याच्यावर कितीही महागाचे स्पीकर लावा. आणि चर्चसारखं घुमायला लागलं तर नाटकाचा एक शब्द कळायचा नाही, तेही नको. मधलं काहीतरी काढणारी जाणकार माणसं आहेत, त्यांना फर्निचरच्या कॉन्ट्रॅक्टरच्या आधी बोलवा एवढंच म्हणणं.

आमचा सराव अजून एका शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये चालतो, पाऊस आला की गाणं बंद. त्यामुळं आमचा यात स्वार्थ आहेच, लपवत नाही. नाट्यगृहाचं छत झालं, भिंती झाल्या की खुर्च्या बसवायच्या आधी एक संध्याकाळ आम्हाला बोलवा. चोवीस जण स्टेजवर उभे राहतो, माइक बंद, आणि निर्णय घेणाऱ्या साहेबांनी अगदी मागं भिंतीला टेकून उभं राहायचं. मानधन नको, चहा तेवढा पाजा.

आपली,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर