पातळ स्पीकर भिंतीला टेकवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरी गाणं ऐकण्याच्या साधनांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. खोक्यांच्या स्पीकरपलीकडे जाऊन प्लेनर आणि इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरांची (खोक्याऐवजी ताणलेल्या सपाट, तलम पडद्याने आवाज काढणाऱ्या पॅनेलांची) ओळख करून दिलीत, याचा फार आनंद झाला. मराठी वर्तमानपत्रांत या स्पीकरांबद्दल क्वचितच काही छापून येतं. पण त्यातल्या एका सल्ल्यामुळे हे पत्र लिहायला बसले. हे स्पीकर जेमतेम इंचभर जाड असतात, म्हणून भिंतीला लावून ठेवता येतात आणि शहरातल्या लहान फ्लॅटला ते सोयीचे, असं लेखात म्हटलं आहे. इंचभर जाडी काही मॉडेलांपुरती खरी आहे. भिंतीला लावायची गोष्ट मात्र साफ चुकीची आहे. त्यावर विसंबून कोणी साठवलेले पैसे घातले, तर पदरी निराशाच येईल.

कारण सोपं आहे. नेहमीच्या स्पीकरच्या मागे खोकं असतं आणि मागचा आवाज त्यात अडकतो. प्लेनरला खोकंच नसतं. त्याचा तलम पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढच्या बाजूला हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागच्या बाजूला ती विरळ होते. म्हणजे जेवढा आवाज आपल्याकडे येतो तेवढाच उलट्या कलेत (फेजमध्ये) मागच्या भिंतीकडे जातो. स्पीकर भिंतीपासून वीतभर अंतरावर असेल तर तो मागचा आवाज भिंतीवर आपटून लगेच परततो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. मग गायकाचा स्वर गढूळ होतो, शब्द पुसट होतात. तोच स्पीकर भिंतीपासून मीटरभर पुढे ओढला की परतणाऱ्या आवाजाला दोन मीटर जादा चालावं लागतं, म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद उशीर होतो. तेवढ्या उशिराने आलेला आवाज कानाला वेगळा कळतो आणि मैफलीच्या खोलीचा अवकाश जाणवू लागतो. निदान तीन फूट जागा मागे सोडलीच पाहिजे. चार मिळाले तर उत्तम.

लहान फ्लॅटमध्ये हे जमतच नाही असं नाही. माझ्या भाचीचा कोथरूडमधला हॉल अकरा बाय चौदाचा आहे. तिच्याकडे मॅग्नेपॅन कंपनीचे एलआरएस आहेत. ही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली कंपनी, जिम वायनी यांनी १९६९ साली काढलेली. एलआरएस हे तिचं धाकटं मॉडेल २०१९ मध्ये आलं: चार फूट उंच, साडेचौदा इंच रुंद, एक इंच जाड. भाचीने स्पीकरच्या पायांखाली जाड नमद्याच्या चकत्या चिकटवल्या आहेत आणि फरशीवर, स्पीकरचे पाय यायला हवेत तिथे, रंगीत चिकटपट्टीच्या खुणा केल्या आहेत. ऐकायला बसायच्या आधी ती दोन्ही पॅनेल खुणेपर्यंत पुढे ओढते. ऐकून झालं की परत मागे सरकवते, म्हणजे मुलांना खेळायला जागा मोकळी. मागच्या भिंतीवर पुस्तकांची मांडणी आहे. वेगवेगळ्या उंची-जाडीच्या पुस्तकांवरून मागचा आवाज विखुरतो, कोऱ्या भिंतीवरून येतो तसा चरचरीत येत नाही. खर्च शून्य, आणि फरक कोणाच्याही कानाला पहिल्या आलापात कळेल.

लहान खोलीला या स्पीकरांचा एक खरा फायदा आहे, तो आपल्या लेखात यायला हवा होता. पुढचा आणि मागचा आवाज पॅनेलच्या कडांशी एकमेकांना मारतो, त्यामुळे बाजूंना आवाज जवळपास जातच नाही. बाजूची भिंत अगदी जवळ असली तरी तिच्यावरून येणारा गोंधळ कमी. आपल्या अरुंद हॉलमध्ये ही मोठी सवलत आहे. म्हणून जागा वाचवायची असेल तर ती बाजूला वाचवावी, मागे नव्हे.

आता इलेक्ट्रोस्टॅटिकबद्दल. लेखात दोन्ही प्रकार एकाच दमात सांगून टाकले आहेत, पण घरात आणल्यावर त्यांची वागणूक फार वेगळी असते. मॅग्नेपॅनच्या पडद्यावर तारा किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि समोर चुंबकांच्या रांगा असतात. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये चुंबक नाही, कॉइल नाही. दोन सच्छिद्र पाट्यांच्या मधे काही मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला असतो. त्याला कित्येक हजार व्होल्टचा स्थिर विद्युतभार दिलेला असतो. अॅम्प्लिफायरमधून आलेला संगीताचा संदेश ट्रान्सफॉर्मरने चढवून पाट्यांवर सोडतात आणि पडदा सगळाच्या सगळा एकदम हलतो. हलवायला वजनच नाही, म्हणून सुरुवात आणि थांबणं दोन्ही तत्काळ. तानपुऱ्याची जवारी ऐकायची असेल तर या स्पीकरांवर ऐकावी. तार छेडल्यावर आतून जे एकेक स्वर उमलत जातात, ते सुटे ऐकू येतात. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या आवाजातली ती किंचित खरखर, ओळ संपताना घेतलेला श्वास, हे सगळं गाण्याचाच भाग होऊन समोर येतं.

अशा स्पीकरला घराघरात पोचवण्याचं श्रेय इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांना. त्यांच्या क्वाड कंपनीचा पहिला ईएसएल (इलेक्ट्रोस्टॅटिक लाउडस्पीकर) १९५७ साली विक्रीला आला आणि १९८५ पर्यंत बनत राहिला. पुढच्या मॉडेलवर १९६३ मध्ये काम सुरू झालं, म्हणून त्याचं नाव ईएसएल-६३. प्रत्यक्षात ते बाजारात यायला १९८१ उजाडलं. त्यात पाट्यांवर एकात एक कडी आहेत आणि मधल्या कड्यापेक्षा बाहेरच्या प्रत्येक कड्याला संदेश किंचित उशिरा मिळतो. पाण्यात खडा टाकल्यावर तरंग पसरावेत तसा आवाज पसरतो, आणि तो पॅनेलच्या फूटभर मागच्या एका बिंदूतून आल्यासारखा वाटतो. माझ्याकडे हीच जोडी आहे. लेस्टरला राहणाऱ्या भावाने घर बदलताना मला दिली.

माझी सगळी नोकरी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात, उच्च दाबाच्या (हाय व्होल्टेज) चाचणी विभागात झाली. त्यामुळे ईएसएल-६३ च्या पडद्यावर पाच हजारांहून अधिक व्होल्ट असतात हे वाचल्यावर पहिला विचार आला तो ठाण्याच्या पावसाळ्याचा. कोरडी धूळ फारसं नुकसान करत नाही. हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर गेली की तीच धूळ ओलावा धरते आणि पृष्ठभागावरून भार गळू लागतो. या स्पीकरचा उच्च दाबाचा पुरवठा अगदी क्षीण प्रवाहाचा असतो, मुद्दामच तसा ठेवलेला. त्यामुळे थोडीशी गळतीसुद्धा त्याला पेलत नाही. एका बाजूचा आवाज बारीक होतो, गाणं बंद असताना हलकी फुसफुस किंवा टकटक ऐकू येते. अंधार करून जाळीजवळून पाहिलं तर कधी निळसर ठिणगीही दिसते. हवा कोरडी झाल्यावर लक्षण थांबलं तर पॅनेल बहुधा शाबूत आहे. ऐन उन्हाळी दुपारीही टकटक चालू राहिली तर पॅनेल दुरुस्तीला गेलंच म्हणून समजा.

माझ्या खोलीत साधा आर्द्रतामापक टांगलेला आहे. काटा साठच्या वर असेल तर आधी एसी 'ड्राय'वर लावायचा, किंवा डीह्युमिडिफायर चालवायचा, आणि काटा उतरला की मगच स्पीकरचे प्लग लावायचे. ऐकून झालं की सुती कापडाचं आवरण. प्लॅस्टिकचं नको, त्यात ओल कोंडते. वीज सारखी जात-येत असेल तर प्लग काढून ठेवावेत. आणि कितीही हौस असली तरी मागचं आवरण स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आत भार शिल्लक राहतो. हे मी जन्मभर उच्च दाबाजवळ काम करून सांगते आहे. कोकणपट्टीत ज्यांना एवढी निगा राखणं शक्य नाही, त्यांनी चुंबकवाले प्लेनरच घ्यावेत. त्यांना ना उच्च दाब, ना भिंतीवरचा वेगळा प्लग. मात्र त्यांना थेट उन्हात ठेवू नये. जुन्या जोड्यांमध्ये पडद्यावरच्या तारांचा डिंक सुटतो आणि ठरावीक स्वरांना झणझण येते.

'अपग्रेड' या विषयावर लेखात महागड्या केबल आणि मोठ्या मॉडेलचा सल्ला आहे. मला तो क्रम अजिबात पटत नाही. जागा नीट झाली की पहिला पैसा अॅम्प्लिफायरवर घालावा. मॅग्नेपॅनचा रोध (अॅम्पला जाणवणारा विद्युत अडथळा) चार ओहमच्या आसपास आणि स्थिर असतो, पण तितक्याच आवाजाला त्यांना पुष्कळ शक्ती लागते. होम थिएटरचा रिसीव्हर त्यांना जोडला तर तो तापतो आणि आवाज कोरडा पडतो. त्यांना चार ओहमवर न दमणारा दणकट अॅम्प हवा. जुन्या क्वाड ईएसएलचं उलट. त्याला मोठा अॅम्प लावला तर उच्च स्वरांचं पॅनेल कायमचं जळू शकतं. वरच्या स्वरांना त्याचा रोध दोन ओहमच्या जवळ उतरतो, तेव्हा थोड्या वॉटचा पण एवढा कमी रोध शांतपणे सांभाळणारा अॅम्पच त्याला मानवतो. विकत घेण्याआधी अॅम्प घरी आणून आठवडाभर लावून पाहण्याची मुभा दुकानदाराकडे मागावी. चांगले दुकानदार ती देतात.

खर्जाची तक्रार सगळेच करतात. ५० हर्ट्झच्या स्वराची लांबी जवळपास सात मीटर असते. दोन फुटी पॅनेलला वळसा घालून मागचा आवाज पुढच्याला सहज गाठतो आणि दोन्ही विरतात. हे निसर्गाचं गणित आहे, दोष नव्हे. पण आपण ऐकतो काय हे आधी पाहावं. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास, काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा १०४ च्या आसपास. ईएसएल-६३ किंवा एलआरएस तिथवर व्यवस्थित उतरतात. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, भजन ऐकणाऱ्याला सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर) लागतच नाही. ढोल किंवा सिनेमाचा गडगडाट हवा असणाऱ्यांनी एक मोठा घुमणारा सब कोपऱ्यात न ठेवता दोन लहान, बंद खोक्याचे घ्यावेत आणि खूप खालच्या स्वरांपुरतेच चालवावेत. फिनलंडच्या ग्रेडियंट कंपनीने ईएसएल-६३ साठी एसडब्ल्यू-६३ हा खास जोड बनवला होता. तोसुद्धा खोक्याविना दोन्हीकडे आवाज टाकणारा, म्हणून तो मूळ आवाजात मिसळून जायचा. मार्टिनलोगन या अमेरिकी कंपनीच्या बहुतेक इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरांत वक्र इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेलखाली नेहमीचा वूफर असतो. ज्यांना दोन्ही हवं त्यांच्यासाठी हा समजूतदार मार्ग आहे.

आणि मोठ्या मॉडेलचा मोह. एलआरएसच्या जागी त्याच कंपनीचं १.७ आणलं तर ते जवळजवळ साडेपाच फूट उंच, बरंच रुंद. अकरा बाय चौदाच्या हॉलमध्ये त्यापासून पुरेसं लांब बसताच येणार नाही. तेच पैसे जुन्या इलेक्ट्रोस्टॅटिकच्या पॅनेलला नवा पडदा घालण्यात लावले तर माणसाला दुप्पट समाधान मिळेल. ईएसएल-६३ मध्ये वर्षांनुवर्षांनी पाट्यांचा डिंक सुटतो. इंग्लंडात आणि जर्मनीत पॅनेल पुन्हा बांधून देणारे कारागीर आहेत. चाळीस वर्षांपूर्वीचा स्पीकर आजही नव्यासारखा करता येतो, अशा वस्तू घरात किती असतात?

जुनी जोडी घेणाऱ्यांनी दोन तास ती चालू ठेवून मगच ऐकावी, कारण पडद्यावर भार पूर्ण चढायला वेळ लागतो. मग एकाच आवाजाचं, मोनो ध्वनिमुद्रण लावावं. केसरबाई किंवा बालगंधर्वांची जुनी तबकडी यासाठी आदर्श. गायक बरोबर मधोमध उभा दिसला पाहिजे. एका बाजूला सरकला तर त्या विरुद्ध बाजूचं पॅनेल थकलेलं आहे. सगळ्या घराने एकत्र सोफ्यावर बसून ऐकायचं असेल तर हे स्पीकर घेऊ नयेत, हेही स्पष्ट सांगायला हवं. मधल्या एका खुर्चीवरच त्यांची खरी करामत कळते.

मुंबईतल्या एका दुकानात अशी उत्तम जोडी मी काचेच्या भिंतीला चिकटवून, दोन्हीकडे खोक्यांच्या रांगा लावून ठेवलेली पाहिली. ऐकायला आलेला तरुण दोन मिनिटांत 'यात दम नाही' म्हणून निघून गेला. त्याचं काही चुकलं नाही, त्याला तो स्पीकर ऐकायलाच मिळाला नव्हता. आपला लेख वाचून दुकानात जाणाऱ्यांनी विक्रेत्याला पॅनेल तीन फूट पुढे ओढायला जरूर सांगावं. दसरा-दिवाळीची खरेदी सुरू होण्याआधी भिंतीबद्दलची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी, ही आग्रहाची विनंती.

आपली,
एक वाचक, ठाणे