सूचना : जॉन क्लेअरच्या चित्रासाठी रविवारी भेटूया

सभासदहो,

येत्या रविवारी, १३ जुलैला, इंग्रज कवी जॉन क्लेअरचा जन्मदिवस (१७९३). वाचनगटाची बैठक यावेळी घरी नाही.

कुठे, कधी : नॉर्थॅम्प्टनमधल्या ऑल सेंट्स चर्चच्या खांबांच्या ओसरीत, सकाळी ११ वाजता. इथल्या मनोरुग्णांच्या इस्पितळातून गावात फिरायला सोडत, तेव्हा क्लेअर इथेच येऊन बसायचा. तिथून चालत कॅफेत जाऊ.

विषय एकच : थॉमस ग्रिमशॉ या तिथल्याच चित्रकाराने १८४४ साली रंगवलेलं क्लेअरचं व्यक्तिचित्र. क्लेअर तेव्हा १८४१च्या अखेरीपासून नॉर्थॅम्प्टनच्या मनोरुग्णालयात होता. त्याचं गाजलेलं चित्र वेगळं. ते विल्यम हिल्टनने १८२० साली, पहिलं पुस्तक आलं तेव्हा, प्रकाशक टेलरसाठी काढलं. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्यातला शेतमजूर कवी तरुण, स्वप्नाळू. ग्रिमशॉ हिल्टनइतका नावाजलेला नाही, पण मला त्याचंच चित्र जास्त जवळचं वाटतं. भांडायचं असेल तर रविवारी भांडा!

काही विनंत्या :
- दोन्ही चित्रांच्या प्रती मी आणते. मूळ चित्र पाहायला आपण जात नाही, गैरसमज नको.
- इस्पितळातल्या काळातली एक कविता प्रत्येकाने वाचून यावी. मराठी अनुवाद करून आणलात तर उत्तमच.
- चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल, ओसरीत आवाज हळू ठेवा.
- येणार की नाही, ते शुक्रवार रात्रीपर्यंत कळवा. कॅफेत जागा सांगून ठेवायची आहे. मुलं येणार असतील तर तेही लिहा.

पाऊस आला तरी बैठक होईल. छत्री आणा.