मगुफुलींचे पहिले शंभर दिवस : लेखापरीक्षक मित्रास पत्र

पुणे,
१४ जानेवारी

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र परवा मिळाले. ज्येष्ठ नागरिक संघाच्या पुढच्या बैठकीत पूर्व आफ्रिकेतल्या टांझानियाचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष जॉन मगुफुली यांच्यावर बोलायचे तू मनावर घेतले आहेस आणि त्यांच्या काटकसरीच्या आणि अचानक भेटींच्या गोष्टींचा मोबाइलवर आलेला तो लांबलचक मजकूरही छापून पाठवला आहेस, हे उत्तम झाले. कारण मगुफुलींच्या तोंडी घातलेली त्यातली वाक्ये मी तिथे असताना ना कधी ऐकली, ना तिथल्या वर्तमानपत्रांत वाचली. ती तू भाषणातून वगळलेलीच बरी. २०१२ ते २०१८ या काळात मी टांझानियातल्या दार-एस-सलाम या बंदराच्या शहरात एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंग कंपनीत, म्हणजे बंदरातून माल सोडवून पुढे पाठवणाऱ्या कंपनीत, हिशेबाच्या टेबलावर होतो. तेव्हाचे थोडेफार डोळ्यांदेखत घडले आहे, तेवढे सविस्तर लिहितो.

आधी एक गमतीची गोष्ट. स्वाहिलीत कुलपाला ‘कुफुली’ म्हणतात, आणि आपले कुलूप व त्यांचे कुफुली हे दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दाची नातवंडे आहेत. साहजिकच मगुफुली या नावावर ‘तिजोरीला कुलूप लागले’ अशी कोटी तिथे सर्रास चाले. बंदराला ते ‘बंदारी’ म्हणतात, पैशाला ‘पेसा’, आणि लाचेला कागदोपत्री ‘रुश्वा’ म्हणजे आपल्या जुन्या कागदांतली रुशवत. पण बोलताना मात्र ‘चाय’. समुद्रापलीकडे जाऊनही चहापाण्याचा अर्थ मला कोणाला विचारावा लागला नाही.

मगुफुली रसायनशास्त्राचे शिक्षक, पुढे त्याच विषयातले डॉक्टरेट, आणि बांधकाममंत्री म्हणून रस्त्यांच्या ठेकेदारांच्या मागे हात धुऊन लागण्याबद्दल ‘बुलडोझर’ म्हणून ओळखले जाणारे. ऑक्टोबर २०१५ च्या निवडणुकीत त्यांना सुमारे ५८ टक्के मते मिळाली. त्यांचा पक्ष विरोधातून सत्तेवर आलेला नव्हता, हे तुझ्या श्रोत्यांना मुद्दाम सांग. त्या पक्षाची राजवट, आधीचे नाव धरले तर, स्वातंत्र्यापासून अखंड चालू होती, आणि २०१४ मध्ये वीजखरेदीच्या वादात मध्यवर्ती बँकेत अडकवून ठेवलेले बारा कोटी डॉलरांहून अधिक पैसे खासगी हातांत गेल्याच्या प्रकरणाने ती पुरती बदनाम झालेली होती. देणगीदार देशांनी अर्थसंकल्पाला द्यायची मदतही त्यावरून रोखून धरली होती. त्यात आणखी मौज अशी, की ज्या माजी पंतप्रधान एडवर्ड लोवासांना विरोधकांनी वर्षानुवर्षे भ्रष्ट ठरवले होते, त्यांनाच ऐन वेळी विरोधकांनी आपला उमेदवार केले. त्यामुळे सत्तारूढ पक्षाचाच माणूस स्वच्छ चेहऱ्याचा ठरला, आणि स्वतःच्या पक्षाने घातलेली घाण उपसण्याचे श्रेय त्याला मिळाले.

५ नोव्हेंबरला शपथ झाली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष निवासातून निघून पायी चालत अर्थ मंत्रालयात शिरले, आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवून ही माणसे कुठे आहेत असे विचारू लागले. पुढच्या सोमवारी मुहिंबिली या राष्ट्रीय रुग्णालयात अचानक गेले. तिथे रुग्ण जमिनीवर झोपलेले होते आणि एमआरआय व सीटी स्कॅनची यंत्रे बंद पडलेली होती. प्रभारी संचालकांना त्यांनी तिथून हलवले, संचालक मंडळ बरखास्त केले, आणि कित्येक आठवडे बंद असलेली यंत्रे पाहता पाहता चालू झाली. संसदेच्या उद्घाटनानंतरच्या मेजवानीसाठी जमलेल्या पैशांतला मोठा हिस्सा त्याच रुग्णालयात खाटा आणि गाद्या घेण्यासाठी वळवला. अधिकाऱ्यांचे परदेश दौरे परवानगीशिवाय बंद झाले, हॉटेलांतल्या कार्यशाळा बंद झाल्या. तुझ्या त्या मजकुरातला एवढा भाग खरा आहे.

९ डिसेंबर हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. त्या वर्षी संचलन रद्द झाले, त्याचे चार अब्ज शिलिंग शहरातला एक रस्ता रुंद करण्याकडे गेले, आणि त्याऐवजी देशभर सफाईचा हुकूम निघाला. शहरात तेव्हा कॉलऱ्याची साथ होती, त्यामुळे त्या हुकमाला अर्थही होता. राष्ट्राध्यक्ष स्वतः मासळीबाजाराजवळ कचरा उचलत असल्याची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी सगळीकडे झळकली. आम्ही उपांगा भागात राहत होतो. आमच्या गल्लीत गुजराती दुकानदार, खोजा कुटुंबे, इमारतीचे दोन राखणदार आणि मी असे सगळे सकाळी सातला झाडू घेऊन उभे राहिलो. गटारातून काळ्या चिखलाबरोबर नारळाच्या करवंट्या आणि पाण्याच्या बाटल्यांचा ढीग निघाला. तो उचलायला पालिकेची गाडी पाच दिवसांनी आली. तरीही सांगतो, बापू, त्या सकाळी माझ्यासारख्या परदेशी हिशेबनिसालासुद्धा वाटले, की या देशात काही तरी हलते आहे.

आता बंदराकडे येतो, कारण खरी नाडी तिथेच होती. दार-एस-सलाम बंदरावर एकट्या टांझानियाचा माल उतरत नाही. झांबिया, काँगो, रवांडा, बुरुंडी अशा समुद्रकिनारा नसलेल्या किंवा दूर पडलेल्या प्रदेशांचा माल तिथून जातो. परदेशी जाणारा म्हणून दाखवलेल्या मालावर स्थानिक कर लागत नाही. मग कागदावर सीमेपलीकडे गेलेला कंटेनर प्रत्यक्षात शहरातच रिकामा झाला, तर फरकाची सगळी रक्कम वाटून घेता येते. तुझ्यासारख्याला यापुढचे सांगायला नको. आवक वही आणि जावक वही जुळवून पाहणारा कोणी नसला, की जे होते ते होते. २७ नोव्हेंबरला पंतप्रधान कासिम मजालिवा बंदरात अचानक गेले, तेव्हा ३४९ कंटेनर कर न भरता गायब असल्याचे आणि त्यापोटी ८० अब्ज शिलिंग बुडाल्याचे त्यांनी जाहीर केले. महसूल प्राधिकरणाचे प्रमुख त्याच दिवशी निलंबित झाले. पुढच्या आठवड्यात आणखी दोन हजारांहून अधिक कंटेनरांचा प्रश्न निघाला, बंदराचे मंडळ बरखास्त झाले, आणि डिसेंबरच्या मध्यावर भ्रष्टाचारविरोधी विभागाच्या प्रमुखालाच घरी बसवले गेले. त्या एका महिन्यात करवसुली १.४ ट्रिलियन, म्हणजे १,४०० अब्ज शिलिंगवर गेली. आधी ती दरमहा ९०० अब्जांच्या आसपास रेंगाळत असे.

ही मोहीम लोकांच्या तोंडी ‘कुटुंबुआ मजिपू’ या नावाने बसली. त्याचा अर्थ गळवे फोडणे. रोज संध्याकाळी आमच्या कचेरीतला शिपाई बातम्या ऐकून येई आणि आज कुठले गळू फुटले ते सांगे.

माझ्या टेबलावरून ते कसे दिसले, ते सांगतो. ज्या कचेरीत आमची कागदपत्रे अडकत, तिचे नाव लिहीत नाही. आमच्या पेटी कॅशच्या पुस्तकात ‘किरकोळ, वाहतूक’ असे एक सदर होते आणि त्यात दर आठवड्याला ठरावीक रक्कम पडे. कोणाला, हे कोणी विचारत नसे. ते सदर मीच लिहीत होतो, हेही कबूल करतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ते कोरे राहू लागले. आमचा कागद घेऊन जाणारा मुलगा परत आला आणि म्हणाला, “साहेब, पाकीट नको म्हणतात.” आम्हांला आनंद झाला. पंधरा दिवसांनी तोच मुलगा म्हणाला, “साहेब, सहीही नको म्हणतात.” सही केली आणि पुढे काही निघाले, तर आपण गळू ठरू, या भीतीने प्रत्येक जण कागद वरच्याकडे सरकवू लागला होता, आणि वरचा त्याच्याही वरच्याकडे. चार दिवसांचे काम तीन आठवड्यांवर गेले. भाडे चढू लागले, तेव्हा झांबियाचे दोन जुने ग्राहक आपला माल मोझांबिकच्या बैरा बंदरातून नेऊ लागले. पाकीट गेले याचे मला दुःख नाही. पण पाकिटाच्या जागी नियमाने काम होण्याची सवय यायला जो वेळ आणि जो लेखी अधिकार लागतो, तो कोणी दिलाच नव्हता.

इथे मला तुझी आठवण फार येई. जिल्हा परिषदेच्या तपासणीला गेलास, की तू आधी आक्षेप लेखी देत होतास, खुलासा मागवत होतास, खुलासा वाचून मग शेरा मारत होतास. माणसे तुला कंटाळत, पण मनमानी म्हणायची कोणाची छाती नव्हती. मगुफुलींच्या मोहिमेत हा मधला टप्पाच गळाला. एप्रिल २०१६ मध्ये किगांबोनीच्या नव्या पुलाच्या उद्घाटनात त्यांनी जमलेल्या लोकांसमोर, व्यासपीठावरूनच, शहराच्या संचालकांना निलंबित केले. टाळ्या पडल्या. आमच्या कचेरीतल्या दूरचित्रवाणीसमोरही पडल्या. त्या माणसाचा खुलासा काय होता, हे तिथे कोणी विचारले नाही, आणि मीही तेव्हा विचारले नाही.

त्यांच्या खात्यावर जमा धरायच्या गोष्टी कमी नाहीत. पगारपटावरून दहा हजारांहून अधिक बनावट कर्मचारी काढले गेले. खोट्या प्रमाणपत्रांवर नोकरीला लागलेल्या सुमारे दहा हजारांना २०१७ मध्ये काढले. भ्रष्टाचार व आर्थिक गुन्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. वीजखरेदी प्रकरणातले दोन मोठे मासे अखेर गजाआड गेले. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचार निर्देशांकात (जास्त गुण म्हणजे कमी भ्रष्टाचार) टांझानियाचे गुण २०१५ मध्ये ३० होते, ते २०२० मध्ये ३८ झाले. मगुफुली हा निव्वळ देखावा होता असे म्हणणाऱ्याला मी हे आकडे दाखवतो.

पण दुसरे पान उलटावेच लागते, आणि त्याची सुरुवातही त्याच शंभर दिवसांत झालेली आहे. जानेवारी २०१६ मध्ये संसदेच्या कामकाजाचे थेट प्रक्षेपण सरकारी वाहिनीने बंद केले. कारण काय दिले असेल, तर काटकसर! मेजवानीचे पैसे वाचवणारी ती कात्री लोकांच्या डोळ्यांसमोरून संसदच कापून गेली. त्याच महिन्यात ‘मावियो’ नावाचे साप्ताहिक बंद झाले. जूनमध्ये राजकीय सभांवर बंदी आली. सप्टेंबर २०१७ मध्ये विरोधी खासदार टुंडू लिसू यांच्यावर डोडोमा येथे गोळ्यांचा वर्षाव झाला. ते वाचले, पण हल्लेखोर सापडले नाहीत. २०१८ मध्ये तर सरकारी आकडेवारीला छेद देणारे आकडे छापणे हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला, जो पुढच्या वर्षी बदलावा लागला. सरकारच्या आकड्यांवर शंका घेणे हाच तुझा जन्मभराचा धंदा. तिथे असतास तर तू काय केले असतेस, असे मला वाटून गेले.

आणि आता तुझ्याच बिरादरीचा माणूस. मुसा असाद हे टांझानियाचे तेव्हाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. २०१६-१७ च्या हिशेबात जमा रक्कम आणि खर्च यांत दीड ट्रिलियन शिलिंगांचा मेळ बसत नसल्याचे त्यांच्या अहवालावरून पुढे आले, तेव्हा सरकारने स्पष्टीकरणे दिली, पण वाद मिटला नाही. पुढे एका मुलाखतीत त्यांनी संसद दुबळी असल्याचे म्हटले. त्यावर संसदेने एप्रिल २०१९ मध्ये त्यांच्याबरोबर काम न करण्याचा ठराव केला, आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांच्या जागी दुसरा माणूस नेमला. ते हटवणे घटनेला धरून नव्हते, असा निकाल तिथल्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. तोवर मगुफुलींना जाऊन दीड वर्ष उलटून गेले होते. १७ मार्च २०२१ रोजी त्यांचे पदावर असतानाच निधन झाले होते.

दार-एस-सलाममधल्या माझ्या शेवटच्या महिन्यात मी जुनी पुस्तके नव्या हिशेबनिसाच्या हवाली करत होतो. नोव्हेंबर २०१५ च्या शेवटापासून मार्च २०१६ पर्यंतच्या चार महिन्यांत ‘किरकोळ, वाहतूक’ हे सदर कोरे होते. एप्रिलपासून त्यात पुन्हा नोंदी होत्या, आधीपेक्षा कमी, पण होत्या, आणि अक्षर माझेच होते. नव्या माणसाने मला विचारले, या चार महिन्यांत वाहतूक बंद होती का? मी त्याला हो म्हणालो.

भाषणात ३४९ कंटेनर जरूर सांग, लोकांना ते आवडतील. असादांचे प्रकरणही सांग. तुझ्या तोंडून ते मला ऐकायचे आहे, म्हणून बैठकीची तारीख कळव, मी गाडीने येईन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा